वकील न नेमता कायदेशीर काम हाताळताना: मुंबईकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोर्टाची पायरी चढण्याची वेळ आली की बहुतेक कुटुंबांत पहिला विचार खर्चाचा होतो, आणि तो रास्तच आहे. दिवाणी, भाडे, घरखरेदी, कौटुंबिक आणि फौजदारी बाबींत वकिलाशिवाय पुढे जाणाऱ्यांना मुंबईत नेमकी कुठे ठेच लागते, वकिलाची खरोखर गरज कुठे नसते आणि वकील परवडत नसेल तर काय करावे, याची उत्तरे पुढे दिली आहेत. ही माहिती सर्वसाधारण आहे. आपल्या हातातील विशिष्ट कागदावरचा सल्ला तो कागद वाचूनच देता येतो.

स्वतःचा खटला स्वतः चालवण्याचा अधिकार मला आहे का?

होय. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नुसार पक्षकाराला स्वतः हजर राहून आपले काम चालवता येते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ मधील बंधन दुसऱ्याच्या वतीने वकिली करण्यावर आहे, स्वतःची बाजू मांडण्यावर नाही. मुंबई उच्च न्यायालयात मात्र त्यासाठी वेगळे नियम आहेत. तिथे स्वतः बाजू मांडू इच्छिणाऱ्या पक्षकाराला तसा अर्ज करावा लागतो, आणि तो न्यायालयाला नीट साहाय्य करू शकेल का, हे आधी समितीपुढे तपासले जाते. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, हेही लक्षात घ्यावे.

वकील नसलेल्या पक्षकाराचे म्हणणे न्यायाधीश सहसा धीराने ऐकतात. परंतु अर्जात काय लिहावे, कोणता मुद्दा घ्यावा, हे ते सांगू शकत नाहीत, कारण समोरच्या पक्षालाही त्यांच्याकडून तितकाच न्याय हवा असतो. मुदत, पुरावा आणि कोर्ट फी यांचे नियम पक्षकाराकडे वकील नाही म्हणून सैल होत नाहीत.

मी शिकलेला आहे, मुद्देसूद बोलू शकतो. मग धोका कशात आहे?

धोका बोलण्यात फारसा नाही. तो न्यायाधीशांसमोर उभे राहण्याच्या कितीतरी आधी, घरी बसून लिहिलेल्या किंवा सही केलेल्या कागदात आहे. दिवाणी दाव्याचा निकाल मुख्यतः वादपत्र (दावा लावणाऱ्याचे लेखी म्हणणे), कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) आणि सिद्ध झालेली कागदपत्रे यांच्यावर ठरतो. वादपत्रात न घेतलेल्या मुद्द्यावर पुरावा देता येत नाही, आणि साक्षीपुराव्याचे काम सुरू झाल्यावर वादपत्रात दुरुस्ती हवी असेल, तर पुरेशी काळजी घेऊनही हा मुद्दा आधी मांडता आला नसता, अशी न्यायालयाची खात्री पटवावी लागते. समोरच्याच्या वादपत्रातील ज्या विधानाचा आपण स्पष्ट इन्कार करत नाही, ते आदेश ८ नुसार आपण कबूल केले असे धरले जाऊ शकते. ‘सदर मजकूर खोटा असून मान्य नाही’ हे एकच वाक्य सगळ्या परिच्छेदांना लावून दिलेली कैफियत म्हणून घातक ठरते.

याहून कमी माहीत असलेला नियम आदेश २ मध्ये आहे. एकाच कारणातून मिळू शकणाऱ्या सर्व मागण्या एकाच दाव्यात कराव्या लागतात. जागेचा खरेदी करार पाळायला समोरचा नकार देत असताना एखाद्याने घाईघाईने फक्त मनाई हुकूम मागितला आणि करार पुरा करून मिळावा ही मागणी केलीच नाही, तर त्यासाठी नंतर लावलेला दुसरा दावा याच नियमावर अडवला जाऊ शकतो. वर्षभराने कितीही चांगला वकील नेमला, तरी त्याला आधीच्या कागदावरच उभे राहून लढावे लागते. म्हणूनच आमचे सांगणे असे आहे की पैसे मोजकेच असतील तर ते शेवटच्या युक्तिवादासाठी राखून ठेवू नयेत. पहिला कागद लिहिताना खर्च करावेत.

समन्स आले आहे. दावा खोटाच आहे, तर मी गेलोच नाही तर काय होईल?

न्यायालय आपल्या गैरहजेरीत एकतर्फी काम चालवू शकते आणि वादीच्या बाजूने हुकूमनामा होऊ शकतो. दावा खोटा आहे हे न्यायालयाला कोणीतरी सांगावे लागते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते. न्यायालय कारणे नोंदवून ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते, आणि व्यापारी स्वरूपाच्या दाव्यांत १२० दिवसांनंतर कैफियत दाखल करून घेतलीच जात नाही. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याचा अर्ज ३० दिवसांत करता येतो, पण त्यासाठी समन्स मिळालेच नव्हते किंवा न येण्यास सबळ कारण होते, हे दाखवावे लागते. बेलिफाला दार न उघडणे किंवा पोस्टमनला ‘घेत नाही’ सांगणे याने काहीही थांबत नाही. नाकारलेले समन्स मिळाले असेच धरले जाते.

धनादेश, हुंडी किंवा लेखी करारावरील ठरावीक रकमेसाठी आदेश ३७ खाली लावलेल्या दाव्यात तर मुदत फारच आखूड असते. समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवायची आणि पुढचे समन्स आले की पुन्हा दहा दिवसांत बचावाची परवानगी मागायची. अशा समन्सवर ‘आदेश ३७’ किंवा ‘समरी सूट’ असे शब्द दिसले, तर त्याच दिवशी वकील गाठावा.

दावा कोणत्या कोर्टात लावायचा, हे मला कसे कळणार?

मुंबईत हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे, कारण एकाच खोलीबद्दलचा वाद कोणामध्ये आहे त्यावर कोर्ट बदलते. घरमालक आणि भाडेकरू यांचा वाद धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात किंवा त्याच्या वांद्रे शाखेत जातो. सोसायटी आणि सभासद यांच्यातील कारभाराचा वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकारी न्यायालयात जातो. मालकीहक्काचा वाद फोर्ट किंवा दिंडोशी येथील नगर दिवाणी न्यायालयात, आणि रक्कम मोठी असेल तर उच्च न्यायालयात जातो. पती-पत्नींचा वाद वांद्रे-कुर्ला संकुलातील कुटुंब न्यायालयात चालतो.

चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे घालवलेला काळ मुदतीतून वगळण्याची सोय मुदतीच्या कायद्यात आहे, पण ती मागावी लागते आणि प्रामाणिकपणा सिद्ध करावा लागतो. काही दाव्यांआधी सूचना देणे बंधनकारक असते: सरकारविरुद्ध दोन महिन्यांची, महानगरपालिकेविरुद्ध एक महिन्याची, आणि सोसायटीच्या कामकाजाबाबतच्या दाव्यात निबंधकांना दोन महिन्यांची. तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर व्यापारी दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. ही पायरी चुकली, तर वाद खरा असूनही दावा दारातूनच परत जातो.

समोरचा ‘देतो, देतो’ म्हणत होता म्हणून थांबलो. आता दावा लावता येईल का?

बहुतेक वेळा हातउसन्या किंवा व्यवहारातील येणे रकमेच्या वसुलीची मुदत तीन वर्षांची असते, आणि तोंडी आश्वासनाने ती वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सही करून देणे मान्य केले असेल, किंवा काही रक्कम भरल्याची लेखी नोंद असेल, तर त्या दिवसापासून नवी मुदत मोजली जाते. मुदत उलटलेला दावा समोरच्याने हरकत घेतली नाही तरी न्यायालयाला फेटाळावाच लागतो, आणि अपिलात मिळू शकणारी विलंबमाफी मूळ दाव्याला मिळत नाही.

नात्यातला किंवा चाळीतला माणूस असला की संकोचाने तीन वर्षे निघून जातात. अशा वेळी भांडण न करता एक करता येते: ‘अमुक रक्कम मी आपणास देणे आहे’ असे दोन ओळींत लिहून, तारीख घालून त्याची सही घ्यावी. प्रामाणिक माणसाला त्यात अपमान वाटण्याचे कारण नाही.

धनादेश परत आला. नोटीस मी स्वतः पाठवू शकतो का?

पाठवू शकता, पण या प्रकरणात एका दिवसाचीही चूक भारी पडते. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली, धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे देण्यासाठी असतात, आणि ते संपल्यावर एका महिन्याच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते. तक्रारीला झालेला उशीर सबळ कारणाने माफ होऊ शकतो; नोटिशीला झालेला उशीर मात्र माफ होत नाही. नोटिशीत धनादेशाचीच रक्कम स्पष्टपणे मागावी. व्याज, मानसिक त्रास, आधीची उसनवारी असे सगळे एका आकड्यात मिसळले की नोटिशीच्या वैधतेवरच वाद उभा राहतो. तक्रार कोणत्या कोर्टात करायची, हे साधारणतः तक्रारदाराचे खाते बँकेच्या ज्या शाखेत आहे, त्यावरून ठरते.

पागडीच्या खोलीत आम्ही दोन पिढ्या राहतो. घरमालकाची नोटीस आली आहे. वकिलाची गरज आहे का?

आहे, आणि लगेच आहे. गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागांत पागडीची खोली हीच बहुतेक घरांची एकमेव मिळकत असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ भाडेकरूला मोठे संरक्षण देतो, पण ते वेळेवर आणि योग्य रीतीने मागणाऱ्यालाच मिळते.

थकबाकीचे उदाहरण पाहावे. भाडे थकले म्हणून घरमालकाला लगेच दावा लावता येत नाही. मागणीची नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते. दावा लागल्यावरही भाडेकरूला आणखी एक संधी असते. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सारी थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली आणि पुढचे भाडे नियमित भरत राहिले, तर त्या कारणावरून जागा खाली करण्याचा हुकूम होत नाही. कित्येक भाडेकरू या ९० दिवसांत ‘भाडे मालकच घेत नव्हता’ हे पटवण्यात दंग राहतात आणि रक्कम कोर्टात भरायची राहून जाते. मालक भाडे घेत नसेल, तर ते मनिऑर्डरने किंवा बँकेतून पाठवून त्याचा पुरावा ठेवावा, हे पहिल्याच भेटीत कोणीही जाणता वकील सांगेल.

दुसरी अडचण वारसाची असते. मूळ भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो, आणि असे एकापेक्षा अधिक जण असून त्यांच्यात एकमत नसेल तर न्यायालय ठरवते. म्हणून ‘मी गेली काही वर्षे नालासोपाऱ्याला राहतो, खोली अधूनमधून उघडतो’ असे उत्तर भाबडेपणाने नोटिशीला दिले, तर जागेचा वापर नसल्याची कबुली आपल्याच सहीने मालकाच्या हाती पडते. वाक्य खरे असेल तर ते लपवावे, असा याचा अर्थ नाही. मुंबईत जागेच्या टंचाईमुळे कुटुंबे विभागून राहतात, त्यामागची कारणे, कोणाचे वास्तव्य कुठे होते आणि त्याचे पुरावे कोणते, हे सगळे एकत्र मांडले जाणे आवश्यक असते.

लिव्ह अँड लायसन्सचा करार ऑनलाइन होतो. त्यालाही वकील लागतो का?

साधारणपणे नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, ही जबाबदारी भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार घरमालकावर असते. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाण्याचा धोका मालकालाच असतो. राहणाऱ्याने मात्र एक ध्यानात ठेवावे. मुदत संपूनही जागा सोडली नाही आणि सक्षम प्राधिकाऱ्याचे समन्स आले, तर ३० दिवसांत शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते, आणि जादा राहिल्याबद्दल दुप्पट शुल्काची आकारणी होऊ शकते.

खोली नोटरीच्या कागदावर घेतली आहे. पुरेसे आहे का?

नाही. स्थावर मिळकतीची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्तानेच होते. स्टॅम्पपेपरवर करार, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा संच करून दिल्याने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. नोटरीचा शिक्का सही कोणी केली हे सांगतो. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क होता की नाही, हे तो सांगत नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील सदनिका तर ठरावीक काळ विकताच येत नाहीत, आणि अशा खोल्यांचे व्यवहार नेमके नोटरीवर होतात. आयुष्यभराची बचत देण्यापूर्वी स्वतःच्या वकिलाकडून कागद तपासून घ्यावेत. दलालाने आणलेला वकील दलालाचे काम करत असतो.

आईवडिलांनी राहते घर मुलाच्या नावे करून द्यावे का? नमुना इंटरनेटवर मिळतो.

नमुना मिळतो, पण त्यात आपल्या घरची परिस्थिती नसते. मुलाला किंवा मुलीला राहते घर बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे, त्यामुळे हा दस्त सहजपणे होतो. पुढे मुलाने सांभाळले नाही, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ खाली हस्तांतरण रद्द करून मागता येते. मात्र त्या कलमाचा आधार घेताना, सांभाळ करण्याच्या अटीवरच घर दिले होते का, हा प्रश्न पुढे येतो. दस्तात ‘प्रेमापोटी, कोणत्याही अटीविना’ असा छापील मजकूर असेल, तर वृद्धांची लढाई फार कठीण होते. सांभाळाची अट आणि हयातीपर्यंत त्याच घरात राहण्याचा हक्क ही दोन वाक्ये दस्तात असणे, ही कोणत्याही आईवडिलांची रास्त अपेक्षा आहे, आणि ती मुलासमोर बोलून दाखवण्याचा अवघडलेपणा तिऱ्हाईत वकील कमी करतो.

सोसायटीतील नामनिर्देशनाबद्दलही असाच गैरसमज आहे. नॉमिनी हा मालक नसतो. वारस निश्चित होईपर्यंत त्याला सोसायटीत तात्पुरते सभासदत्व मिळते, मालकी मात्र मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. पण दोन साक्षीदारांच्या सह्या कायद्याला हव्या तशाच व्हाव्या लागतात.

इमारत पुनर्विकासाला जाते आहे. सोसायटीचा वकील आहे, मग माझा वेगळा कशाला?

सोसायटीचा वकील सोसायटीचे हित पाहतो, आणि बहुतेक बाबतींत ते आपलेही असते. फरक आपल्या कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या करारात पडतो. नव्या सदनिकेचे चटई क्षेत्र, मजला, वाहनतळ, विलंब झाल्यास भाडे कधीपर्यंत मिळणार, विकासक मध्येच थांबला तर काय होणार, हे त्यात लिहिलेले असते. तो करार नोंदणीकृत असावा आणि जुने घर रिकामे करण्याआधी हातात असावा. एक सदनिका दोघा भावांच्या नावे असेल, वडिलांच्या नावावरून बदलायची राहिली असेल, किंवा आत भाडेकरू असेल, तर स्वतंत्र सल्ला घ्यावाच.

पालिकेची कलम ३५१ ची नोटीस दाराला लावली आहे.

अनधिकृत बांधकामाच्या या नोटिशीला सात दिवसांत उत्तर द्यावे लागते. बांधकाम जुने असल्याचे पुरावे, जसे जुनी वीजबिले, करपावत्या, मंजूर नकाशा, त्याच उत्तरासोबत जोडावेत. अनेकांची सात दिवसांची मुदत नगरसेवकाकडे आणि वॉर्ड कार्यालयात फेऱ्या मारण्यात संपते.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज माझ्याकडे आहेत. पुरावा म्हणून पुरेत ना?

नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. जुन्या कायद्यातील अशाच प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात अधोरेखित केली होती. मूळ फोन जपून ठेवावा, संभाषण अर्धवट पुसू नये. स्वतःचेच दोन मेसेज काढून टाकले तर उरलेल्या सगळ्यांवर संशय येतो.

माझ्याऐवजी मुलगा किंवा ओळखीचे कायदा जाणणारे गृहस्थ कोर्टात बोलू शकतील का?

कुलमुखत्यारपत्र देऊन कागद दाखल करणे, सह्या करणे ही कामे त्यांना करता येतात. युक्तिवाद मात्र न्यायालयाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. आपल्याला स्वतःला ठाऊक असलेल्या गोष्टींची साक्षही मुखत्यार देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये म्हटले आहे. परदेशी असलेल्या मुलाच्या वतीने वडिलांनी सगळी साक्ष दिली आणि ती निरुपयोगी ठरली, असे यामुळे होऊ शकते.

पोलिसांनी ‘फक्त चौकशीला’ बोलावले आहे. वकील नेला तर संशय वाढेल का?

वाढत नाही, आणि या भीतीने एकटे जाणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती अनुच्छेद २० ने मनाई केली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटकेची कारणे सांगावी लागतात, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, जरी तो संपूर्ण वेळ शेजारी बसू शकत नसला तरी. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, हेही याच संहितेत आहे. कोऱ्या कागदावर तर कधीच सही करू नये.

जामिनाच्या बाबतीत एक मुदत अशी आहे की ती कुटुंबीयांना कोणी सांगत नाही. तपास ठरलेल्या काळात, गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत, पूर्ण होऊन आरोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण तो मागावा लागतो. अर्ज करण्यापूर्वी आरोपपत्र दाखल झाले की तो हक्क जातो. आर्थर रोड किंवा तळोजा कारागृहात असलेल्या माणसाला स्वतः ही मोजदाद ठेवणे अवघड असते. फौजदारी प्रकरणात वकिलाशिवाय राहू नये, हे आम्ही कोणताही अपवाद न ठेवता सांगतो.

घटस्फोट दोघांच्या संमतीने आहे. मग वकील कशाला?

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ ची रचनाच अशी आहे की तिथे वकिलामार्फत बाजू मांडणे हा हक्क नाही, न्यायालय परवानगी देऊ शकते. त्यामुळे संमतीचा अर्ज स्वतः करता येतो. तरी संमतीच्या अटी लिहिण्यापूर्वी दोघांनी आपापल्या वकिलाला त्या दाखवाव्यात. एकरकमी पोटगी, स्त्रीधन, संयुक्त नावावरील सदनिका आणि तिचे कर्ज, मुलांचा ताबा आणि भेटी, हे सगळे त्या चार पानांत कायमचे ठरते. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर सहसा अपील चालत नाही. लवकर सुटका व्हावी म्हणून ‘यापुढे काहीही मागणार नाही’ असे लिहून देणाऱ्या स्त्रियांना पुढे वर्षानुवर्षे त्याचा त्रास होतो.

वकिलाशिवाय निर्धास्तपणे करता येईल असे काही आहे का?

पुष्कळ आहे, आणि तिथे उगाच खर्च करू नये. माहिती अधिकाराचा अर्ज आणि त्यावरील अपील स्वतः करावे. ग्राहक आयोगात दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रार होते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. ज्येष्ठ नागरिकांना निर्वाहासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात स्वतः अर्ज करता येतो. महारेराकडेही (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) घरखरेदीदार स्वतः तक्रार करू शकतो; फक्त परतावा आणि व्याज प्राधिकरणाकडे, तर नुकसानभरपाई न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे मागायची असते, हा भेद न कळल्याने अर्ज अडकतात.

लोकअदालतीत जाताना सावध असावे. तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते ही चांगली बाब आहे, परंतु तिथला निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील नाही.

वकिलाची फी देण्याची ऐपतच नसेल तर?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर अशी दोन जिल्हा प्राधिकरणे आहेत, उच्च न्यायालयाची स्वतंत्र समिती आहे आणि १५१०० ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. स्त्रियांना मालमत्ता, पोटगी, घटस्फोट अशा प्रकरणांत राज्यात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. नोकरी करणाऱ्या स्त्रीलाही मोफत वकील मिळतो, हे ठाऊक नसल्याने कितीतरी जणी दागिने मोडून फी भरतात. ही मदत दया म्हणून दिली जात नाही, तो हक्क आहे, आणि तो मागताना कोणी ओशाळू नये.

पूर्ण खटल्यासाठी नाही, पण फक्त सल्ल्यासाठी वकील मिळतो का?

मिळतो. एका बैठकीची फी आधी विचारून, कागदपत्रे तारखेप्रमाणे लावून आणि प्रश्न लिहून न्यावेत. निदान तीन गोष्टी विचाराव्यात: मुदत कधी संपते, कोर्ट कोणते, आणि आतापर्यंत मी काही लिहून दिले आहे त्यात अडचण आहे का. इंटरनेटवरून किंवा एखाद्या अ‍ॅपकडून तयार केलेला मसुदा असेल तर तोही दाखवावा. त्यात न्यायनिवाडे उद्धृत केलेले असल्यास ते खरोखर अस्तित्वात आहेत का, हे तपासल्याशिवाय कोर्टात देऊ नयेत.

वकील खरा आहे की नाही, आणि नीट काम करतो की नाही, हे कसे ओळखावे?

कोर्टाबाहेर हात धरून थांबवणाऱ्यासोबत जाऊ नये; वकिलाने असे काम मागणे नियमबाह्य आहे. सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक विचारावा, पैशांची पावती घ्यावी. निकालातील हिस्सा फी म्हणून ठरवणेही नियमात बसत नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्याचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की पुढची तारीख आणि आदेश विनामूल्य दिसतात, तेव्हा ‘तारीख पडली’ या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही. वकील बदलायचा असेल तर फी थकली म्हणून जुना वकील कागद अडवून ठेवू शकत नाही. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा वकील परिषदेकडे करता येते. ग्राहक आयोगाकडे मात्र नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरवले आहे.

आधीच चूक झाली आहे: तारीख चुकली, नको ते लिहून दिले. आता काय?

ते लपवू नये आणि स्वतः दुरुस्त करायला जाऊ नये. दुसरे चुकीचे उत्तर पहिल्याला बळकटी देते. दाखल झालेल्या सर्व कागदांच्या प्रमाणित प्रतींसाठी कोर्टात अर्ज करावा. प्रत मिळण्यात जाणारा आवश्यक वेळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो. जिल्हा पातळीवर अपिलाची मुदत साधारण ३० दिवसांची आणि उच्च न्यायालयात ९० दिवसांची असते, आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाचे कारण विचारले जाऊ शकते, म्हणून रुग्णालयाची कागदपत्रे, प्रवासाची तिकिटे, टपालाची पाकिटे काहीही टाकून देऊ नये. हे सगळे घेऊन त्याच आठवड्यात वकिलाकडे किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे आणि घडले ते घडले तसे सांगावे.